चोवीस हजर

“पण सर, मी सात दिवसांचं शिबिर केलंय, प्रमाणपत्र आहे. मग आता परत परीक्षा कसली?”

हर्षदने हे तिसऱ्यांदा विचारलं.

मुजावरसर ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. हात थांबला नाही.

“प्रमाणपत्र बघितलं की. कागद झकास आहे. जाड आहे.”

मी खाली पाहिलं. हसू आलं की खाली पाहायचं, एवढं मी सासरी दोन महिन्यांत शिकले होते.

मुजावरसर नगरपालिकेच्या शाळेत पी.टी.चे मास्तर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी शाळेचं कबपथक तेच चालवायचे. कब म्हणजे स्काउटमधली सगळ्यात लहान मुलं, सहा ते दहा वर्षांची. आता सरांचे गुडघे गेले होते. या महिन्यात नवा प्रमुख मिळाला नाही तर पथक बंद, असं हेडबाईंनी कळवलं होतं. अर्जावर सही मात्र सरांचीच लागणार होती आणि आधीच्या दोघांना त्यांनी सही न करता परत पाठवलं होतं.

हर्षद तिसरा.

माझा नवरा पॉलिटेक्निकात शिकवतो. लहानपणी त्याला याच पथकात जायचं होतं. वडिलांची बदली झाली आणि ते राहून गेलं. हे त्याने मला लग्नाच्या चौथ्याच दिवशी सांगितलं होतं. बाकी बरंच काही सांगायचं अजून शिल्लक आहे.

त्याने फाईल पुढे केली. वर्षाचं नियोजन. बावन्न रविवार, बावन्न रकाने, चार रंग.

सरांनी तेलाचा हात लुंगीला पुसून पानं उलटली.

“यात न होणारा रविवार कुठला?”

“म्हणजे, सर?”

“ज्या दिवशी यातलं काहीच होत नाही, तो.”

हर्षदने फाईल परत घेतली. मग म्हणाला, “परीक्षा काय आहे ते तरी सांगा.”

“उद्या पोरांना खंडोबाच्या टेकडीवर न्या. खेळवा, खिचडी खाऊ घाला. जेवढी न्याल तेवढी परत आणा.”

“बस?”

“बस.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “सूनबाई, खिचडी जमते ना दगडाच्या चुलीवर?”

“जमेल, सर.”

“जमेल म्हणाली. येते नाही म्हणाली,” सर गुडघ्याला म्हणाले. पुन्हा तेल चोळू लागले.

परत येताना हर्षद गाडीवर शीळ घालत होता. “एवढंच? मला वाटलं, गाठी मारायला सांगतील.”

…

सकाळी पायथ्याशी चोवीस मुलं होती. पूर्ण गणवेश फार थोड्यांकडे होता. निळी टोपी आणि गळ्यातला पिवळा स्कार्फ, तेवढंच सगळ्यांचं सारखं.

हर्षदने त्यांना रांगेत उभं केलं. प्रत्येकाने आपला नंबर ओरडून सांगायचा, ही पथकाची जुनी पद्धत.

“एक!” “दोन!” “तीन!”…

“चोवीस!”

“चोवीस हजर,” हर्षद म्हणाला. वहीत लिहिलं.

टेकडीवर रिक्षा जाते. सर रिक्षाने वर आले आणि देवळाच्या सावलीत काठी टेकून बसले. देवळामागे कातळात खोदलेलं टाकं आहे. हिरवं, गप्प पाणी. हर्षदने पहिल्यांदा जाऊन ते पाहिलं, चुन्याची फक्की मारली आणि बजावलं, “या रेषेच्या पलीकडे कुणीही जायचं नाही. समजलं?”

“हो सर!”

तो खरंच चांगलं करत होता. मला अभिमान वाटत होता. तिखट-मिठाच्या डब्यांआडून.

वर पोचल्यावर पुन्हा मोजणी झाली. चोवीस.

मग झेंडा लपवायचा खेळ झाला. पोरं चारी दिशांना पांगली. झुडपं, देऊळ, धर्मशाळेची पडकी भिंत. माझा जीव चुलीत होता. लाकडं ओली निघाली, धूर डोळ्यांत.

शिट्टी वाजली. पोरं धावत आली, बूट-मोजे काढून देवळाच्या फरशीवर ओळीत बसली.

“जेवायच्या आधी मोजणी!”

“एक!” “दोन!”…

मी पातेलं घेऊन ओळीच्या टोकाशी उभी होते. म्हणून मला पाय दिसले.

सगळ्यांच्या पोटऱ्यांवर मोज्यांच्या रबराचे पट्टे उमटले होते. शेवटच्या मुलाच्या पायांवर काहीच नव्हतं. ते पाय कधी मोज्यात गेलेच नव्हते. स्कार्फही त्याने पंच्यासारखा बांधला होता. बाकीची पोरं हर्षदकडे पाहत होती, तो पातेल्याकडे.

“चोवीस!” तोच सगळ्यात मोठ्यांदा ओरडला.

“चोवीस हजर,” हर्षद म्हणाला.

मी तोंड उघडलं.

सर माझ्याकडे पाहत होते. पोरं पाहत होती. रिक्षावाला पाहत होता. लग्नात सासूबाईंनी मला चार गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली एक अशी, की नवऱ्याला चारचौघांत दुरुस्त करू नये. बाकीच्या तीन मला आठवत नाहीत.

मी तोंड मिटलं. त्या मुलाला एक पळी जास्त वाढली.

नवीन आला असेल, मी स्वतःला समजावलं. कुणाचा तरी भाऊ असेल.

खिचडी थोडी लागली होती. कुणी बोललं नाही.

जेवणं झाल्यावर हर्षद सरांपुढे येऊन उभा राहिला. “सर, खाली उतरायचं आता? चोवीस हजर.”

“नक्की?”

“तीनदा मोजलेत.”

“बरं.” सरांनी काठी बाजूला ठेवली. “जरा ईशान लोहारला बोलवा. त्याच्याकडे माझा चष्मा दिलाय.”

“ईशान!” हर्षदने हाक मारली.

कुणी उठलं नाही.

“ईशान लोहार!”

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एका चष्मेवाल्या मुलाने हात वर केला. “सर, ईशान नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“नाहीये. झेंड्याच्या खेळापासूनच नाहीये.”

“अरे, मग सांगितलं का नाहीस?”

मुलाने घाबरून टोपी काढली. “तुम्हीच म्हणालात की चोवीस हजर…”

हर्षद हसला. ते हसू मला आजही आठवतं. उत्तर बरोबर असताना गणित चुकलंय म्हणणाऱ्या मुलाकडे मास्तर पाहतो, तसं. तो ओळीत शिरला आणि एकेका डोक्यावर हात ठेवत मोजत गेला.

चोवीस.

उलट बाजूने मोजलं.

चोवीस.

“चोवीसच आहेत,” तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. “चोवीसच आहेत ना…”

“मला धरून मोजलं व्हय?” शेवटचा मुलगा म्हणाला. “मी ह्यांच्यातला न्हाय. मी बिरू. शेरडं हायती माझी तिकडं.”

बिरूने पत्रावळीतला शेवटचा घास उचलला.

हर्षदची नजर हळूहळू देवळामागे वळली.

मग तो पळाला.

चुन्याची रेषा त्याने ओलांडलेली मी पाहिली. बूट, घड्याळ, खिशातला मोबाईल, कशाचंच भान नव्हतं. पाणी फुटल्याचा आवाज आला. मी धावले. मागून पोरं धावली आणि रेषेशी थबकली, कारण हर्षदने तसं बजावलं होतं. एकजण रडायला लागला. मग तिघे.

हर्षद पाण्यात दोन्ही हातांनी चाचपत होता. बुडी मारत होता, वर येत होता, तोंडातलं शेवाळ थुंकत होता, पुन्हा खाली जात होता.

“ईशान!” कुणीतरी किंचाळलं. “ईशाऽऽन!”

ती मीच होते. माझा एवढा मोठा आवाज आहे, हे मला माहीत नव्हतं. हर्षदलाही नव्हतं.

तेवढ्यात सरांची शिट्टी वाजली. एकच, लांब.

धर्मशाळेच्या पडक्या भिंतीआडून एक बोडका मुलगा आला. गळ्यात स्कार्फ नव्हता. एका हातात सरांचा चष्मा, दुसऱ्या हातात अर्धा पेरू.

“आता येऊ का, सर?” त्याने विचारलं. मग पाण्यातल्या हर्षदकडे पाहिलं. “नवे सर अंघोळ करतायत?”

हर्षद पाण्यात तसाच उभा राहिला. पाणी छातीपर्यंतच होतं. हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

तो काठावर आला, बुटांतून पाणी निथळत होतं.

“तुम्ही लपवलंत त्याला?”

“हो,” सर म्हणाले. देवळापासून तिथवर ते काठीशिवाय आले होते.

“तुम्ही… लहान मुलाला… मुद्दाम?”

“त्याच्या आईला विचारून. काल टाक्यात काठी घालून बघितली, मग ठरवलं. एवढी काळजी घेतली मी.”

“मला वाटलं तो…” तो खाली बसला. ओल्या कपड्यांनिशी, मातीत. त्याने ईशानचा हात धरला आणि धरूनच ठेवला. ईशानने दुसऱ्या हाताने पेरू खाणं चालू ठेवलं.

मला सरांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

सर माझ्याकडे वळले.

“आणि सूनबाई, तुम्हाला कधी दिसलं?”

मी पदर सावरला.

“एक पळी जास्त वाढलीत. बघत होतो मी.”

“…जेवायच्या आधी,” मी म्हणाले.

हर्षदने मान वर केली. बिरूने ‘मी ह्यांच्यातला न्हाय’ म्हटलं तेव्हाही त्याला असा धक्का बसला नव्हता. तो आत्ता बसला.

“तुला माहीत होतं?”

“मला वाटलं, चारचौघांत…”

“चारचौघांत,” सर म्हणाले.

बस, एवढंच. रागाने नाही. वर्गात मुलाने चुकीचं उत्तर दिलं की मास्तर नुसतं ते परत उच्चारतात, तसं.

माझ्या हातात पळी होती. ती कुठे ठेवावी, ते मला सुचेना.

पोरं एकेक करून शांत झाली. बिरूने टोपी आणि स्कार्फ ईशानला परत दिला, नीट घडी करून. शेरडांकडे निघाला. जाताना मला म्हणाला, “मावशी, खालून करपलीया, पर ग्वाड हुती.”

सरांनी शर्टाच्या खिशातून अर्ज काढला.

“नको, सर,” हर्षद म्हणाला. “मी नाही. मी नापास झालो.”

“झालात की.”

सरांनी ईशानकडून चष्मा घेतला. अर्ज ईशानच्या पाठीवर ठेवला. ईशान सवयीने वाकला. सरांनी सही केली. सावकाश, पूर्ण नावाने.

“अहो, नापास झालो म्हणतोय मी.”

“आधीचे दोघं पास झाले होते. बिरूला लगेच ओळखलं, एक पोरगा कमी आहे म्हणाले आणि वहीत तसं लिहून बसून राहिले. एकजण म्हणाला, टाक्यात बघायचं काम फायर ब्रिगेडचं.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “उद्यापासून शिट्टी तुमची. आणि सूनबाई, तुम्हीही येत चला. तोंड घेऊन या.”

हर्षदने अर्ज घेतला. ओल्या हातामुळे सहीची शाई जराशी पसरली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. सकाळी त्याला हीच सही हवी होती, जगात दुसरं काही नको होतं. आता ती हातात वजनदार झाल्यासारखी त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

पोरं बूट घालत होती. लेस बांधून द्या म्हणून दोघं माझ्याकडे आली. मी त्यांना नावं विचारली. दोघांनी सांगितली. मी ती पुन्हा म्हणून पाहिली.

“सर,” हर्षद म्हणाला. “अशी परीक्षा सगळ्यांची घेता तुम्ही?”

“सगळ्यांची.”

“मग तुमची कुणी घेतली होती?”

सर टाक्याकडे पाहत होते. वारा पडला होता, पाणी पुन्हा सपाट झालं होतं…

“माझी कुणी नाही घेतली,” ते म्हणाले. “मी आपला इथूनच पोरं उतरवून घरी गेलो, पाय धुतले, जेवायला बसलो. दुसरा घास तोंडात होता, तोवर दारात एक बाई आली. म्हणाली, ‘सर, आमचा मागंच आहे का अजून?’”