शिंगाचे धनुष्य

फार वर्षांपूर्वी गोदावरीच्या तीरी पोतन नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धनुष्यकाराच्या घरी जन्माला आले होते. बांबू निवडावा, सावलीत वाळवावा, धगीवर शेकून हळूहळू वाकवावा, असे त्यांचे काम. राजाच्या पहाऱ्यावरचे सगळे तिरंदाज त्यांचीच धनुष्ये वापरीत.

त्याच नगरात नंदिय नावाचा कापसाचा व्यापारी होता. व्यापार चांगला चालला होता, मुले हाताशी आली होती, आणि चाळिशी उलटल्यावर त्याला तिरंदाजीचा नाद लागला. नगराबाहेरच्या मैदानावर त्याच्यासारखेच सात-आठ हौशी गृहस्थ रोज जमत आणि गवताच्या पेंढ्यावर बाण सोडीत. पण बाण सोडण्यापेक्षा धनुष्यांविषयीचे बोलणेच अधिक चाले.

एका वर्षी उत्तरेकडच्या व्यापारी तांड्याबरोबर एक शिंगाचे धनुष्य आले. लाकडाच्या आतल्या अंगाला रेड्याचे शिंग, बाहेरच्या अंगाला जनावराच्या स्नायूंचे तंतू, सगळे सरसाने एकजीव केलेले. वर तांबड्या लाखेचा लेप आणि टोकांना हस्तिदंत. नंदियाने ते घेतले. किती मोल दिले, ते पत्नीलाही सांगितले नाही.

मैदानावर सर्वांनी ते हातात घेऊन पाहिले. तेलाचा व्यापारी उग्गसेन म्हणाला, "देखणे आहे. पण आपल्याला पेंढाच तर मारायचा आहे ना?"

हे शब्द नंदियाला झोंबले. त्या दिवसापासून कोणी काही विचारण्याआधीच तो उत्तर देऊ लागला. बाण चुकला की वाऱ्याला दोष देई. कोणी बांबूच्या धनुष्याची स्तुती केली तर ती आपलीच निंदा समजे. एकदा घरी पत्नीने नुसते विचारले, "आज दमलात का?" तर तो म्हणाला, "धनुष्य जड नाही. जरा हात बसायला हवा, इतकेच."

पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल होती. शरद ऋतूत नंदियाने धनुष्य ओढले तेव्हा आतून कर्र असा बारीक आवाज आला. त्याने निरखून पाहिले. एके ठिकाणी शिंग लाकडापासून नखभर सुटले होते. त्याने त्या जागी पिवळे रेशीम घट्ट गुंडाळले आणि मित्रांना सांगितले, "उत्तरेत असेच बांधतात."

या धनुष्याची कीर्ती राजाच्या कानी गेली. पहाऱ्यावरच्या तिरंदाजांनाही अशीच धनुष्ये द्यावीत, असे राजाच्या मनात आले. ते स्वतः ओढून पाहण्यासाठी त्याने दिवस ठरवला आणि बोधिसत्त्वांनाही बोलावले.

ठरल्या दिवशी मैदानावर राजा येण्याआधी बोधिसत्त्वांनी त्या धनुष्यावरून एकदा बोट फिरवले. मग नंदियाला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "श्रेष्ठी, या रेशमाखाली सरस सुटला आहे. याला ओल लागली आहे, वाळल्यावर दाखवतो, असे महाराजांना सांगा. यात कमीपणा काही नाही. आपल्याकडच्या हवेत याचे असेच व्हायचे."

नंदिय उसळला. "तुमच्या पोटावर पाय येतो आहे, म्हणून हे सुचते आहे. उद्यापासून बांबूला कोण विचारणार?"

"पोटाचे खरे आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "पण सरसाचेही खरे आहे."

इतक्यात राजा आला आणि त्याने हात पुढे केला. नंदिय एक वाक्य बोलला असता तरी पुरे होते. पण उग्गसेन पाहत होता, बाकीचे सगळे पाहत होते. नंदियाने धनुष्य राजापुढे धरले.

बोधिसत्त्व गप्प राहिले असते, तर धनुष्य राजाच्या हातात मोडले असते. नंदिय धुळीला मिळाला असता, आणि बांबूच्या धनुष्यांशी पुन्हा कधी कोणी स्पर्धा केली नसती. पण ते पुढे झाले.

"महाराज, परदेशी धनुष्याची पहिली ओढ कारागिराला घेऊ द्यावी. एवढीच विनंती."

राजाने मान डोलावली. बोधिसत्त्व लोकांपासून दूर जाऊन उभे राहिले, तोंड वळवले आणि दोरी ओढली. लाकूड फाटल्याचा आवाज झाला. खालचे टोक उसळून त्यांच्या हातावर बसले आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली गेली.

राजा संतापला. "असे दुर्मीळ धनुष्य मोडलेस! यामुळे तुझा धंदा बसणार होता. मुद्दाम तर नाही ना केलेस?"

"महाराज, ओढले मी आणि मोडले माझ्या हातात," बोधिसत्त्व म्हणाले.

नंदियाची सुटका झाली होती. सगळे त्याच्याकडे कीव करून पाहत होते. त्याने मात्र बोधिसत्त्वांकडे पाहिले. त्यांनी एकदा जरी रागाने पाहिले असते, तर नंदियाला काही ना काही उत्तर सुचले असते. पण ते आपल्या हातावर फडके बांधीत होते. एका हाताने गाठ बसत नव्हती.

नंदिय त्यांच्याजवळ गेला, गाठ बांधली आणि तिथेच गुडघ्यांवर बसून म्हणाला, "महाराज, ते आधीच सुटले होते. मला ठाऊक होते. यांनी मला सांगितलेही होते. मला लाज वाटली, म्हणून मी गप्प राहिलो."

राजाने बोधिसत्त्वांना विचारले, "तू हे जाणत होतास, तर मला का सांगितले नाहीस?"

"महाराज, आपला हात वाचवणे माझे काम होते, ते मी केले. खरे सांगणे यांचे काम होते. ते मी केले असते, तर यांच्याजवळ काय उरले असते?"

राजाचा राग निवळला. त्याने नंदियाला एवढेच सांगितले, "याचा हात बरा होईपर्यंत याचे काम तू कर."

हात बरा व्हायला दोन महिने लागले. नंदिय रोज येऊन बांबू शेकी. त्याची बोटे भाजली, तीन बांबू तडकले, आणि चौथ्याचे कसेबसे धनुष्य झाले. ते घेऊन तो मैदानावर गेला.

"हे कोणत्या देशाचे?" उग्गसेनाने हसत विचारले.

"माझे आहे. थोडे वाकडे झाले आहे," नंदिय म्हणाला आणि त्यालाही हसू आले. त्याने बाण सोडला. पेंढा चुकवून बाण दूर गवतात गेला, आणि नंदिय तो आणायला निघाला.

विहारात ही कथा एवढी सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोरच्या भिक्खूंकडे पाहिले. आपल्या भिक्षापात्राच्या झिलईवरून सकाळी ज्याची इतरांशी बोलाचाली झाली होती, तो भिक्खू मान खाली घालून बसला होता. शास्ते म्हणाले, "त्या जन्मीचा नंदिय म्हणजे हा तुमचा सोबती. त्याला हसणारा उग्गसेन आज त्याच्याच शेजारी बसला आहे. सुबाहू राजा म्हणजे या विहाराला भूमी देणारा गृहस्थ. आणि तो धनुष्यकार मी होतो. दुसऱ्याला सत्यापर्यंत चालत येता यावे म्हणून तोवर दोष आपल्या अंगावर सोसणे, हीच क्षांती."