लादीखालची चिंबोरी

फार मागे खाडीवर नवं शहर चढू लागलं. तिवरांची झाडं तोडून भराव टाकला आणि पोटाशी अंडी धरलेली एक चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, बिळातच गाडली गेली. अंडी मोकळ्या पाण्यात सोडली नाहीत तर मरणार होती.

खालून भरती आली. "दार उघड गं, बाई."

"डोळे फुटले का तुझे? दारावर बारा मजले बसलेत!"

"बसू देत. मी माझ्या वेळेला येणारच," म्हणत भरती माती चाटत वर चढली. चिंबोरी नांगीनं उकरत तिच्या पुढं निघाली.

तळमजल्यावर वास्तुशांतीची पंगत बसली होती. लाद्यांच्या फटी ओलावल्या. खालून टकटक झाली.

"कोण आहे?" नवी मालकीण दचकली.

"घरचेच आहोत," चिंबोरी म्हणाली. "पानं उचला. पोरांना मोकळं पाणी हवंय, ते आता इथंच येतंय."