मिठागरावरचा जावई आणि तांब्याची पट्टी

खाडीकाठच्या एका गावात एक तांबट राहायचा. तांब्याचे हंडे घडवण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, पण जीभ हातोडीपेक्षा जड. त्याला मुलगा नव्हता. होती ती एकुलती एक लेक, सगुणा. तिचं लग्न त्याने मिठागरावरच्या एका कष्टाळू मुलाशी लावून दिलं आणि आपली विद्या शिकवायला जावयाला घरीच ठेवून घेतलं.

आता पंचाईत अशी, की जावई म्हणजे मानाचा माणूस आणि शिकाऊ म्हणजे बोलणी खाणारा. तांबटाने दोन्ही एकदम साधलं. जेवताना पहिलं पान तो जावयापुढे वाढायला लावायचा, हाक ‘जावईबापू’ अशीच मारायचा, आणि लगेच पुढे विचारायचा, की आपण हा हंडा घडवलात की त्याच्यावर राग काढलात? सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच चालायचं.

जावई उन्हात मीठ ओढून वाढलेला. भट्टीपुढे दिवसभर उभा राहिला तरी हूं की चूं करायचा नाही. शब्द मात्र त्याला सोसत नसत. तीन महिने त्याने सगळं गिळलं. मग एका बाजाराच्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर तांबट म्हणाला, “जावईबापू, मीठ ओढणाऱ्या हाताला तांबं कळायचं नाही.”

जावयाने हातोडी खाली ठेवली. सगुणेला सांगितलं, उद्या सकाळी आपण मिठागरावर परत जायचं. तांबटही हट्टाला पेटला. ज्याला जायचं त्याने जावं, मी कुणाच्या विनवण्या करणार नाही, म्हणाला.

सगुणा बिचारी कात्रीत सापडली. नवऱ्याबरोबर जावं तर म्हातारा एकटा पडणार, बापाजवळ राहावं तर संसार मोडणार. तिने पोटभर रडून घेतलं, आणि सकाळी बोचकं दाराशी ठेवून दोघांना भट्टीजवळ बोलावलं.

एका पळीत तिने खडीसाखर घेतली, दुसरीत मिठाचा टपोरा खडा, आणि दोन्ही पळ्या निखाऱ्यांवर धरल्या. शेजारी तांब्याची एक पट्टी ठेवली. साखर लगेच पाघळली. मीठ तडतडलं, पण जागचं हललं नाही. पट्टी लाल झाली. मग तिने पट्टी पाण्यात बुडवून ऐरणीवर ठेवली, मिठाचा खडाही निववून तिच्याशेजारी ठेवला, आणि बापाच्या हातात हातोडी दिली. एकाच घावात मिठाचे सरळ कडांचे तुकडे उडाले. तांबं नुसतं पसरलं.

आतली गोष्ट अशी आहे. साखरेचे कण आपापल्या कुटुंबात वाटून खातात, म्हणून घरात घट्ट, पण शेजारच्या घराशी सैल. जरा आच लागली की ती घरं एकमेकांपासून सुटतात. मिठात एक कण देतो, दुसरा घेतो, आणि त्यामुळे दोघे एकमेकांना गच्च धरतात. मात्र घावाने रांग सरकली, की देणाऱ्यासमोर देणारा आणि घेणाऱ्यासमोर घेणारा येतो, आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. तांब्याचे कण आपलं थोडं थोडं सगळ्यांमध्ये ठेवतात. रांग सरकली तरी ते सामाईक सगळ्यांना धरून ठेवतं.

तांबटाला आनंद झाला. “बघा जावईबापू, माणसानं असं तांब्यासारखं असावं.”

“मग बाबा, ठोकत राहा,” सगुणा म्हणाली. “पट्टी पुन्हा भट्टीत मात्र घालायची नाही.”

तांबटाने तिच्याकडे चमकून पाहिलं. पण जावयासमोर माघार कशी घ्यायची? तो ठोकत राहिला. आधी आवाज बोदा होता, मग खणखणीत झाला, मग कानाला टोचायला लागला.

“मामा, थांबा. आता तापवायला हवी,” जावई न राहवून म्हणाला.

तांबटाने आणखी एक घाव घातला आणि पट्टीची कड बोटभर चिरली.

“ठोकून ठोकून तांबं कडक झालं की त्याला पुन्हा ऊब द्यायची, हे तुम्हीच मला शिकवलंत,” सगुणा म्हणाली. “यांना तीन महिन्यांत एकदा तरी दिलीत?”

तांबट चिरलेली पट्टी हातात फिरवत बसला. त्याला स्वतःची लाज वाटली. तांबं कडक झाल्याचा आवाज भल्याभल्यांना वर्षभरात ओळखू येत नाही, आणि जावयाने तो ओळखला होता.

“तुम्हाला कधीपासून कळायला लागलं हे?” त्याने जावयाला विचारलं.

“दुसऱ्या महिन्यापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“आपण कधी विचारलंच नाही.”

तांबट उठून आत गेला. स्वतःच्या हाताने भाकरी आणि ताक घेऊन आला आणि म्हणाला, “आधी खाऊन घ्या. मग जायचं तर जा. पण मला तुम्ही इथे हवे आहात.”

जावयाने भाकरीचा तुकडा मोडला. मीही मिठासारखा एका शब्दात तुटलो, म्हणाला तो. सगुणेने गुपचूप दाराशी जाऊन बोचक्याची गाठ सोडली.

तांबटाची जीभ काही सुधारली नाही, ती म्हातारपणी कुठली सुधारते! पण ती पट्टी त्याने ऐरणीसमोर खिळ्याला टांगली. दोनचार टोमणे मारून झाले की तिच्याकडे नजर जायची, आणि तो भाता थांबवून विचारायचा, “जावईबापू, जेवलात का?”

तात्पर्य: आपल्या माणसाला घाव सोसता येतात म्हणून नुसते घालत राहू नयेत, मधूनमधून मायेची ऊब द्यावी, नाहीतर तांबंसुद्धा चिरतं.