शेवटचा पिस्टन

"उस्ताद, आता तरी सांगा. का चिकटतोय पिस्टन?"

इंद्रजितचे शब्द नेमके हेच होते का, याची मला खात्री नाही. कदाचित तो "माझं कुठं चुकतंय" असं म्हणाला असेल. नाही. चुकतंय हा शब्द त्या दिवशी त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

खंडेनवमी होती, एवढं मात्र पक्कं आठवतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दस्तगीर मुल्लाणींच्या गॅरेजात पाने, पकडी, हातोड्या धुऊन पुसून एका फळीवर मांडल्या होत्या. वर झेंडूची फुलं. दस्तगीर उस्ताद पाच वेळा नमाज पढणारे, पण हत्यारांची ही पूजा त्यांच्याकडे कधी चुकली नाही. मी माझी स्कूटर न्यायला गेलो होतो आणि सवयीप्रमाणे फार लवकर पोचलो होतो.

इंद्रजित मगदूम तेव्हा पंचविशीचा असेल. मातीतल्या शर्यतींत नव्या गाड्यांवर त्यानं बरेच कप मिळवले होते. पण जीव जडला होता तो एका जुन्या दोन-स्ट्रोक गाडीवर, त्याच्या जन्माआधीच्या. ती त्यानं भंगारातून उचलली होती. इंजिन सुटं करून, एकेक भाग शोधून, स्वतःच्या हातानं पुन्हा बांधलं होतं. येत्या रविवारी जुन्या गाड्यांची शर्यत होती. पुढच्या वर्षापासून तो गटच बंद होणार होता.

आणि इंजिन जोरात पळवलं, की आतला पिस्टन तापून सिलिंडरला चिकटत होता. दोन पिस्टन तसे गेले. तिसरा त्याच्या खिशात होता. त्या मापाचा चौथा आता कुठंच मिळत नव्हता.

उस्तादांनी हात पुढं केला.

"चिकटलेला दाखव."

इंद्रजितनं हातातल्या रुमालाची गाठ सोडली. आतला पिस्टन चांदीच्या पेल्यासारखा चमकत होता. त्यावर हळद-कुंकू वाहिलेलं.

"हे काय रं?"

"पूजेत ठेवायला आणलाय. पॉलिश पेपरनं घासलाय चांगला."

"आनि पैला?"

"त्योबी. घरी देव्हाऱ्यात हाय."

"प्लग?"

"समदे घासून लख्ख केल्यात. तुमच्यापुढं काळा माल आणीन व्हय मी?"

उस्तादांनी पिस्टन उजेडात धरला. हळूहळू फिरवला...

"नवरीगत नटवलास की! ओरखडे कुठं हुते?"

"हुते की."

"ते हुतेच. कुठल्या अंगाला? सायलेन्सरच्या बाजूला का चौफेर?"

इंद्रजित रुमालाची घडी घालू लागला.

मला उशिरा उमगलं. बिघडलेला पिस्टन आपण का बिघडलो ते अंगावर लिहून ठेवतो. पोरानं भक्तीनं ते सगळं पुसून टाकलं होतं. दोनदा.

"उस्ताद, मी बांधल्याल्या इंजिनात खोट न्हाई. मालच खराब मिळाला."

"मग मला कशाला इचारतोस? मालाला इचार."

मला हसू आलं. उस्ताद माझ्याकडे वळले.

"सर, तुमची स्कूटर का बंद पडती सांगू? तुमच्या काळजीनं."

मी हसणं थांबवलं.

त्यांनी तो चमकता पिस्टन फळीवर फुलांत ठेवला आणि हात जोडले.

"ह्येची पूजा झाली. आता तिसरा घाल. आनि चिकटव."

"...काय?"

"चिकटव म्हनलो."

"शेवटचा हाय त्यो! ह्यो गेला तर गाडी भंगारात जाईल. रविवारी शर्यत हाय आनि तुम्ही..."

"मग नगं घालू. गाडीबी देव्हाऱ्यात ठेव."

इंद्रजितनं खिशातला तिसरा पिस्टन काढून तळहातावर तोलला.

शेवटी इंद्रजित म्हणाला, "घालतो. पर तुम्ही माळावर यायचं. पुरा चिकटायच्या आधी इंजिनाचा आवाज बदलतो, तुम्हीच शिकिवलंय. तुमचा कान अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक हाय. आवाज बदलला की हात वर करा. मी तिथंच बंद करतो. पिस्टनबी वाचंल आनि ओरखडंबी दिसतील."

युक्ती उत्तम होती. आजही मला तिच्यात काही दोष दिसत नाही.

उस्तादांच्या कानाच्या पाळीत अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया होता. त्यांनी तो काढला. त्याचे दोन तुकडे केले. एक या कानात कोंबला, एक त्या कानात.

"उद्या येतो," ते म्हणाले.

इंद्रजितचा चेहरा उतरला. मग कठीण झाला. त्यानं अंगातला नवा शर्ट काढून खुंटीला लावला आणि पाना उचलला.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, आम्ही गावाबाहेरच्या माळावर होतो. माझी स्कूटर दुरुस्त झाली होती आणि माझं तिथं काही काम नव्हतं. तरी गेलो. उस्ताद चढाच्या मध्यावर एका दगडावर बसले होते. कानांत कापूस तसाच.

इंद्रजितनं किक मारली. निळा धूर सुटला. इंजिन तापू दिलं आणि मग चढ घेऊ लागला. वर, वळून खाली, पुन्हा वर. दर वेळी आधीपेक्षा जोरात. चढावर मूठ पूर्ण पिळलेली. धुळीत त्याचे फक्त दात दिसत होते. माझं सगळं लक्ष उस्तादांच्या हातांकडे. हात मांडीवर होते, आणि तिथून ते हलले नाहीत.

कितव्या चढाला ते सांगता येत नाही, पण मध्येच त्यानं क्लच दाबला. इंजिन बंद केलं. गाडी तशीच मुकाट थोडी वर गेली आणि थांबली.

मला आवाजात काहीच फरक जाणवला नव्हता. अर्थात माझ्या जाणवण्याला किती किंमत द्यावी, हा प्रश्नच आहे.

मी धावत गेलो. "काय झालं?"

"झालं न्हाई, सर." तो गाडीवरून उतरला. "हुणार हुतं. आवाज पातळ झाला. चढ असून गाडी हलकी लागली."

इंजिन निवेपर्यंत आम्ही तिघंही तिथंच थांबलो. मग गोणपाटावर त्यानं ते उघडलं. प्लग खडूसारखा पांढरा निघाला. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला केसासारखे बारीक ओरखडे. बाकी अंग स्वच्छ.

या वेळी त्यानं फडकं हातातसुद्धा घेतलं नाही.

उस्तादांनी हनुवटीनंच खूण केली... वाच.

"तेल कमी असतं तर चौफेर घासला असता," इंद्रजित हळूहळू म्हणाला. "हितं पेट्रोल कमी पडतंय. न्हाई... हवा ज्यादा जातीया. कुठनंतरी इंजिन हवा ओढतंय."

गॅरेजात परतल्यावर त्यानं इंजिन पुन्हा जोडलं, सगळी तोंडं बुचं मारून बंद केली, पंपानं आत हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी सोडलं. बराच वेळ काही दिसेना. मग डाव्या अंगाला, क्रँकच्या फिरत्या दांड्याच्या टोकाशी, एक बुडबुडा आला. फुगला. फुटला. त्याच्यामागून दुसरा.

तिथं रबराचं एक सील असतं. त्याची ओठासारखी कड बसवतानाच आत दुमडली होती.

इंद्रजित त्या बुडबुड्यांकडे पाहत राहिला.

"ह्ये मी बसिवलं हुतं," तो म्हणाला.

उस्ताद चहा सांगायला उठून गेले.

नवं सील बसलं. पिस्टन तोच राहिला, ओरखड्यांवरून हलका पॉलिश पेपर फिरवून. रविवारी त्या गाडीनं शर्यत पुरी केली. तो तिसरा आला असं मला वाटतं. दुसरा आलो असं तो सांगतो, आणि त्याचंच बरोबर असेल. मला नीट आठवतो तो त्याचा चेहरा. शर्यतीनंतर चिखलानं माखलेला तो तसाच उस्तादांपुढं येऊन उभा राहिला.

"उस्ताद, एक इचारू? माळावर तुमच्या दोनी कानांत कापूस हुता. आवाज बदलला ते तुम्हाला कधी कळलं?"

उस्तादांनी आपल्या रुमालानं त्याच्या कपाळावरचा चिखल पुसला.

"तू क्लच दाबलास तवा."

उस्ताद गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांची मुलगी शमीम भेटली. बोलता बोलता ती म्हणाली, की अब्बांना गाड्यांचे बारीक आवाज ऐकू येणं फार आधीच बंद झालं होतं. तिनंच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. माझा माझ्यावरच विश्वास नसल्यामुळं मी तिला वर्ष विचारलं, आणि घरी येऊन इंद्रजितला फोन करून शर्यतीचं वर्षही विचारून घेतलं.

डॉक्टरांचं वर्ष आधीचं होतं.