पोसूबाईचे डोळे

"मग चुकलं कुठं, मास्तर?"

अंतूमास्तरांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पेणच्या त्यांच्या स्टुडिओत आठवड्याभरात धुतलेली ही तिसरी फिल्म. निगेटिव्हवर मिठाचे ढीग काळेकुट्ट, म्हणजे कागदावर ते पांढरेशुभ्र उमटणार. आणि पोसूबाईचा चेहरा हवा तिथं… कोरी काच.

सलील कारखानीस पुण्याहून आला होता, दोन स्पर्धांची बक्षिसं मिरवत. शिष्य करून घ्यायला मास्तरांनी एकच अट घातली होती. भर दुपारी मिठागरात राबणाऱ्या पोसूबाईचा फोटो काढायचा, मीठही दिसलं पाहिजे आणि तिचे डोळेही. सलील तेव्हा मनातल्या मनात हसला होता. हा तर हातचा मळ! आता मात्र उद्या मीठ उचललं जाणार होतं, पोसूबाई आपल्या गावी जाणार होती; हाती उरला होता फक्त आजचा दिवस.

"पुढची फिल्म औषधात जास्त वेळ ठेवतो," तो म्हणाला. "येईल चेहरा वर."

"जे आत गेलंच नाही, ते वर कुठून येणार?"

मास्तरांनी फिल्म दोरीला अडकवली.

"उजेडाचा मीटर कुठून लावतोस?"

बांधावरून, सलीलनं सांगितलं. ऊन एवढं कडक, म्हणून तो उजेड कमीच घेत होता. शेंबड्या पोरालाही कळेल असं होतं ते.

"आज उलट कर. ऊन कडक आहे, उजेड जास्त घे. आणि मीटर तिच्या पदराच्या सावलीत धर."

म्हातारा चळला, असं सलीलला वाटलं. शिवाय पदराच्या सावलीत मीटर धरायचा तर बांध सोडून चिखलात उतरायला हवं. पायात नवेकोरे पांढरे बूट. आजवर ते जपत, लांबच्या लेन्सवर त्यानं भागवलं होतं.

बारा वाजता मास्तर छत्री उघडून बांधावर बसले. मिठाकडं बघवत नव्हतं. सलील उतरला, आणि पहिल्याच पावलाला घोट्यापर्यंत रुतला.

पोसूबाई फावड्यानं मीठ ओढत होती. ती थांबली.

"काय रं बाला, आज इतवर आलास? मना वाटलं, तुला चिकल सोसत नाय."

सलील हसला. मीटर त्यानं तिच्या गालाजवळ नेला. आकडा त्यानं दोनदा वाचला. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड घ्यायला सांगत होता तो! मिठाचा नुसता पांढरा गोळा होणार. त्यानं वळून बांधाकडं पाहिलं. मास्तरांनी चेहऱ्यासमोर छत्री आडवी धरली होती.

त्यानं बटण दाबलं.

स्टुडिओत परतल्यावर टाकीत औषध ओतलं. ठरलेली आठ मिनिटं. सलीलची नजर घड्याळावरून हलेना. सहाव्या मिनिटाला मास्तर म्हणाले, "ओतून टाक."

"अजून दोन मिनिटं…"

"ओत. आता नुसतं मीठच काळवंडत जाईल, खडे मिटतील."

त्यानं ओतलं.  पुढच्या पाण्यांना आणि औषधांना तर जन्म लागला असं त्याला वाटलं.

मग फिल्म बाहेर आली. सलीलनं भिंग लावलं… मिठाचा खडान् खडा वेगळा दिसत होता. आणि पदराखाली सुरकुत्या, नाकातली चमकी, उन्हानं बारीक झालेले दोन डोळे, हसणारे.

"आली! मास्तर, पोसूबाई आली!"

त्याला नाचावंसं वाटत होतं, आणि तो खरोखरच दोन पावलं नाचला. मग दम खात म्हणाला, "फिल्म तीच, मीटर तोच, ऊनही तेच. मग गुपित कशात होतं? आकड्यात, की मिनिटांत?"

 मास्तरांनी सलीलच्या बुटांकडं पाहिलं. चिखल वाळून पोपडे धरले होते, वर मिठाची पांढरी रेघ. सलील ओशाळला आणि कोपऱ्यातलं फडकं घ्यायला वाकला.

मास्तरांनी पायानं फडकं बाजूला सारलं.

"बूट आज पुसू नकोस."