जांभळा गाल

“पण चाचा, खुनी जांभळाच का?”

सुकुमारनं हे चार महिन्यांत चौथ्यांदा विचारलं. बाबालालचाचा रंगाच्या डब्यावर बसून बशीतनं चहा पीत होते.

“दूधवाला सायकलवरनं जातोय. थांबतोय का आपल्यासाठी?”

“नाही.”

“त्याला जाता जाता कळाय पायजे, पिक्चर कसला हाय त्ये.”

एवढंच. चाचा कोल्हापुरात चाळीस वर्षं सिनेमाचे बोर्ड रंगवत होते. मी त्यांच्याकडे अक्षरं काढायचो. कौटुंबिक पिक्चर असला की खाली रडणारी आई, प्रेमाचा असला की दोन चेहरे आणि मध्ये गुलाब, खुनाचा असला की एक चेहरा जांभळा. आमच्या पेठेतल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ होतं.

सुकुमार मुंबईहून चित्रकला शिकून आलेला. हात सोन्याचा, खोटं कशाला बोलू! तोंड मात्र हाताच्या चार पावलं पुढं. वडिलांनी त्याला अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली होती. एका तरी बोर्डावर स्वतःचं नाव दाखव, नाहीतर जयसिंगपूरला येऊन कापडाच्या दुकानात बस. तृतीया परवावर आली होती. आणि चाचांनी ‘घाल’ म्हटल्याशिवाय आमच्या शेडमध्ये बोर्डाच्या कोपऱ्यात कुणाचं नाव पडत नसे.

“आज मी शिरस्ता मोडलाय,” तो म्हणाला आणि बोर्डासमोरनं बाजूला झाला.

पिक्चर खुनाचा. बोर्डावर चार चेहरे. मिशीवाला पाटील, करारी वहिनी, बंदूकवाला शिकारी आणि गळ्यात नळी अडकवलेला हसतमुख डॉक्टर. खून या डॉक्टरनंच केलेला असतो. सकाळी आम्हाला पिक्चर दाखवताना, कुणाला सांगू नका म्हणून निर्मात्यानं अक्षरशः हात जोडले होते.

सुकुमारनं पाटलाला गुलाबी गाल दिले होते आणि डॉक्टरचं सगळं तोंड जांभळं केलं होतं.

“दरवेळी मिशीवालाच जांभळा. मी गरीब चेहऱ्याला जांभळा दिला! असं धाडस या गावात कुणी केलंय?”

माझ्या तोंडातनं ‘वा’ निघून गेलं. बोर्ड होताच तसा देखणा.

चाचांनी बशी खाली ठेवली.

मग उठून दारात गेले. रस्त्यानं सोनाबाई ताकवाली डोक्यावर घागर घेऊन चालली होती.

“सोनाबाई, खून कुणी केला?”

तिनं चालता चालताच आत नजर टाकली. “त्या हसऱ्या डाक्टरानं. जांभळा न्हाई व्हय त्यो?”

आणि गेलीसुद्धा.

“शिरस्ता मोडलास कुठं रं?” चाचा म्हणाले. “पाळलास की.”

सुकुमारचा चेहरा खर्रकन उतरला. चारला बोर्ड न्यायला टेम्पो येणार होता. तीन वाजून गेले होते.

“मग पाटलाला करू जांभळा?”

“त्ये मी बी केलं असतं.”

“मग कुणालाच नको?”

“दूधवाला जाईल निघून.”

“मग करू तरी काय, चाचा? परवा तृतीया आहे. संपलं माझं!”

मला त्याचं वाईट वाटलं, चार महिन्यांत पहिल्यांदाच.

चाचांनी जांभळ्या रंगाचा डबा उचलला, आत डोकावून बघितलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

“उरलाय की अजून.”

...

सुकुमारनं टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि डॉक्टरचं अर्धं तोंड पुसून साफ केलं. एक गाल जांभळाच ठेवला. मग पाटलाचा एक गाल जांभळा केला. मग वहिनीचा. मग शिकाऱ्याचा.

सोनाबाई उरलेलं ताक घेऊन परत फिरली होती. या वेळी चाचांनी काही विचारलं नाही. तीच थांबली. डोक्यावरची घागर उतरवून तिनं उंबऱ्यापाशी ठेवली.

“अगं बया... मग केला कुणी खून?”

ती डॉक्टरकडे बघायची, पाटलाकडे बघायची आणि पुन्हा वहिनीपाशी येऊन अडकायची.

“ही बाई काय साधी दिसत न्हाई बरं का,” ती स्वतःशीच म्हणाली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बाई जागची हलली नाही.

सुकुमारनं बारीक कुंचला उचलला. आता आवाज अगदी खाली होता.

“चाचा... नाव?”

चाचांनी बशी तोंडाला लावून निवलेला चहा संपवला.

“घाल,” ते म्हणाले. “जांभळ्यात.”