सरकारांचा चौथा घाणा

नवा, चौथा तेलघाणा सुरू केला की गेटवरचा मेन स्विच पडायचा आणि अख्खी गिरणी ठप्प!

गिरणीचे मालक रत्नोजीराव. संस्थान कधीच बुडालं होतं, पण त्यांना अजून ‘सरकार’ म्हणावं लागे. त्यांनी डोकं चालवलं, म्हणजे हुकूम सोडला.

“जुना घाणा बंद! त्यावरची माणसं घरी!”

त्या माणसांत सुगंधाचे वडील होते. सुगंधा आयटीआय शिकलेली, गिरणीतली वायरमन. ती तडक कचेरीत गेली.

“सरकार, चारही घाणे चालतील.”

“असं? मग चालवून दाखव! गेटवरच्या मीटरचा काटा लाल रेघेच्या आत राहिला पाहिजे. जाड केबल नाही, नवी लाइन नाही, एकही मोटर बंद नाही. सोमवारी जमलं नाही, तर बापाबरोबर तूही घरी!”

“आणि जमलं तर?”

“माग काय हवं ते!” सरकारांनी मिशीवर हात फिरवला. द्यावं लागणार नाही याची खात्री असली की ते फार उदार होत.

सोमवारी सुगंधाने प्रत्येक मोटरशेजारी पत्र्याचा एक डबा बसवला. घाणे एकेक करून फिरू लागले. चौथ्याला काटा उसळला... आणि मुकाट खाली आला. रेघेच्या आत!

“लबाडी!” सरकार ओरडले. “डब्यात वीज भरून आणलीस!”

“नाही सरकार, हे कपॅसिटर आहेत. फिरायचं तर मोटरला आत चुंबक तयार करावा लागतो. त्याचा प्रवाह खर्च होत नाही, नुसता गेटवरून येतो आणि परत जातो. पण तारा भरून टाकतो! आता ती ये-जा मोटर आणि डबा यांच्यातच होते.”

“काही कळलं नाही.”

सुगंधाने सरकारांच्या मागे ताटकळलेल्या मेहुण्यांकडे पाहिलं.

“तुम्ही बंगल्यावरून निघता, तेव्हा हे सगळे आपापल्या गाड्या घेऊन मागे येतात ना?”

“येणारच! त्यांच्याशिवाय आमची ऐट कशी राहील?”

“तेच! काम काही नाही, पण त्यांच्याशिवाय तुम्ही हलत नाही. रस्ता भरतो त्यांच्या गाड्यांनी, आणि शेंगांचा ट्रक बाहेर अडकतो. त्यांना गिरणीतच एक खोली द्या. ऐट जागच्या जागी, रस्ता मोकळा!”

मेहुणे छताकडे बघू लागले. सरकार आधी लालबुंद झाले, मग पोट धरून हसले.

“माग, पोरी, माग!”

“जुन्या घाण्यावरची माणसं कायम. आणि मला इलेक्ट्रिक फोरमनची खुर्ची.”

“अगं, ती तर आमच्या थोरल्या मेहुण्याची!”

“म्हणजे रिकामीच आहे की, सरकार!”

सरकार इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. थोरल्या मेहुण्याने खिशातून फोरमनच्या खुर्चीमागच्या कपाटाची किल्ली काढली आणि सुगंधाच्या हातावर ठेवली.